इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन सेल्समध्ये जाऊ का? जा, पण आधी मशीन बघायला शीक

कराडजवळच्या गावची तू. यंदा इलेक्ट्रिकलमधून बी.टेक. झालीस आणि हातात दोन नोकऱ्या आहेत. एक हिंजवडीतल्या आयटी कंपनीत सपोर्टची, वर्षाला 3 लाख 60 हजार. दुसरी भोसरीत, स्विचगिअर (वीज जोडणारी आणि बिघाडात तोडणारी उपकरणं) आणि ड्राइव्हच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणांच्या) एका अधिकृत डीलरकडे सेल्स इंजिनिअरची, महिन्याला 22 हजार, वर पेट्रोल आणि इन्सेंटिव्ह. बाबा म्हणतात, "दारोदार फिरून माल विकायचा होता तर चार वर्षं इंजिनिअरिंग कशाला केलंस?" आणि तू विचारलंयस की सेल्सला गेले तर माझं शिक्षण वाया जाईल का, मुलगी म्हणून हे काम झेपेल का, आणि सुरुवात कशी करायची.

मी 2004 पासून हेच काम करते आहे. पहिली दोन वर्षं पॅनेल, म्हणजे विजेची उपकरणं बसवलेली कपाटं, बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात, मग डीलरकडे, मग कंपनीच्या पे-रोलवर. भोसरी, चाकण, रांजणगाव, सातारा, शिरवळ, कोल्हापूरचं गोकुळ शिरगाव, सांगलीचं कुपवाड, एवढा माझा पट्टा. त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी बाबांच्या प्रश्नाबद्दल, कारण तो रास्त आहे. आपल्याकडे सेल्स म्हटलं की बॅग अडकवून दुकानं फिरणारा माणूस डोळ्यासमोर येतो. त्या माणसाचं कामही सोपं नसतं, पण आपलं काम वेगळं आहे. साबण घेणाऱ्याला साबण म्हणजे काय ते माहीत असतं. ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारं उपकरण, घेणाऱ्याला मात्र आपल्याला नेमका कोणता ब्रेकर हवा आहे, हे बऱ्याचदा माहीत नसतं. ते त्याला सांगणारा माणूस म्हणजे सेल्स इंजिनिअर.

एक रोजचं उदाहरण घे. परचेसमधून फोन येतो, "मॅडम, 100 अँपिअरचा एमसीसीबी हवाय, सगळ्यात स्वस्त सांगा." एमसीसीबी म्हणजे कारखान्यात लागणारा मोठा ब्रेकर. यादीत 100 अँपिअरचे पाच-सहा एमसीसीबी असतात. कुणाची ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे शॉर्ट झाल्यावर सुरक्षितपणे तोडता येईल एवढा करंट, 10 केए (10 हजार अँपिअर), कुणाची 25, कुणाची 36. स्वस्त अर्थातच 10 केएचा. आता तू विचारायचंस, हा ब्रेकर बसणार कुठे? ते म्हणाले, मेन पॅनेलमध्ये, ट्रान्सफॉर्मर शेजारीच आहे, 630 केव्हीएचा. मग कागदावर मांड. 630 केव्हीए क्षमता, 433 व्होल्ट, म्हणजे फुल लोड करंट साधारण 840 अँपिअर. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर इम्पीडन्स (करंटला त्याचा आतला अडथळा) 4.5 टक्के असेल, तर 840 ला 0.045 ने भाग, बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या जाड पट्टीवर) शॉर्ट झाल्यावर करंट जातो साडेअठरा हजार अँपिअरच्या आसपास. तिथे 10 केएचा ब्रेकर बसवला तर रोज तो नीट चालेल, वर्षानुवर्षं चालेल, आणि ज्या दिवशी खरंच शॉर्ट होईल त्या दिवशी फुटेल. समोर माणूस उभा असेल तर त्याच्या तोंडावर फुटेल. हा हिशेब तू सहाव्या-सातव्या सेमिस्टरला केलेला आहेस. परीक्षेत चुकला असता तर चार मार्क गेले असते. बाबांना एवढंच सांग की तो हिशेब आता खऱ्या पॅनेलवर करायचा आहे.

म्हणून माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते. या कामात माल सर्वांत शेवटी येतो. आधी लोड, मग त्या कारखान्याची अडचण, मग कॅटलॉग. बहुतेक नवी मुलं उलट्या क्रमाने जातात. मीही गेले होते, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

2006 मधली गोष्ट. चाकणच्या पुढे प्लास्टिकचा भंगार दळणारा छोटा कारखाना होता. ग्राइंडरला 22 किलोवॅटची मोटर. सुरू करताना झटका बसतो, बेल्ट तुटतात, म्हणून मालकांना ड्राइव्ह बसवायचा होता. मी गेले, मोटरची नेमप्लेट वहीत उतरवून घेतली, 22 किलोवॅट, 415 व्होल्ट, 40 अँपिअर, आणि 22 किलोवॅटचा ड्राइव्ह दिला. किंमत दुसऱ्यांपेक्षा कमी होती, ऑर्डर लगेच मिळाली. पेढे वाटले ऑफिसमध्ये. तिसऱ्या दिवशी फोन आला, ड्राइव्ह ट्रिप होतोय. जाऊन बघितलं तर कामगार हॉपरमध्ये चुरा टाकत होता तोपर्यंत सगळं ठीक. वितळून घट्ट झालेला प्लास्टिकचा मोठा गोळा आत गेला की पाती अडायची, करंट उसळायचा आणि ड्राइव्ह बंद. गोळा काढायचा, रिसेट करायचं, पुन्हा तेच. एका शिफ्टला पंधरा-वीस वेळा.

चूक माझी होती. ड्राइव्हच्या कॅटलॉगमध्ये बहुधा दोन रेटिंग दिलेली असतात. एक पंप-पंख्यासारख्या हलक्या लोडसाठी, त्यात एक मिनिट 110 टक्क्यांपर्यंत जादा करंट चालतो. दुसरं जड लोडसाठी, तिथे एक मिनिट 150 टक्के. मी पहिल्या रकान्यातलं 22 उचललं होतं. ग्राइंडरला दुसऱ्या रकान्यातलं हवं होतं, म्हणजे एक साइज मोठा ड्राइव्ह. मालक ओरडले नाहीत. ते म्हणाले, "ताई, तुम्ही मोटरची पाटी वाचली, पण मशीन बघितलंच नाही." डीलरने ड्राइव्ह बदलून दिला, फरकाचे पैसे आम्ही सोसले. पण त्या माणसाचे आठ दिवस गेले, आणि ते मी परत देऊ शकले नाही. तेव्हापासून मशीन चालताना बघितल्याशिवाय मी ड्राइव्हची ऑफर देत नाही. लांबचा ग्राहक असेल तर आता व्हिडिओ मागवते, मशीन सुरू होताना, भरलेलं असताना आणि थांबताना.

याची दुसरी बाजूही सांगते. पंपाला ड्राइव्ह लावला की वीज वाचते, हे वाक्य तुला डीलरकडे पहिल्याच आठवड्यात पाठ करायला मिळेल. वेग 80 टक्के केला की पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे जवळपास 51 टक्क्यांवर येते. कूलिंग टॉवरच्या पंख्याला हा हिशेब छान लागू पडतो. पण जमिनीखालच्या टाकीतून पाचव्या मजल्यावर पाणी चढवणारा पंप असेल तर उंचीचा दाब कमी होत नाही. वेग फार उतरवला तर पाणी वर पोचतच नाही. तिथे निम्मी वीज वाचेल असं सांगून ड्राइव्ह विकला, तर सहा महिन्यांनी बिल घेऊन तो माणूस तुझ्यासमोर उभा राहील, आणि त्याचं बरोबर असेल.

आता एक गोष्ट जरा निवांत सांगते, कारण या कामातला आनंद कशात आहे ते तिच्यात आहे.

महाराष्ट्रात महावितरणने 1 एप्रिल 2020 पासून एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना केव्हीएएच बिलिंग सुरू केलं. म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला किती आली, त्याचं प्रमाण) घसरला की थेट युनिट वाढतात. महिन्याला एक लाख किलोवॅट-तास वापरणारा कारखाना धर. पॉवर फॅक्टर 0.99 असेल तर बिल साधारण 1 लाख 1 हजार युनिटचं, 0.90 असेल तर 1 लाख 11 हजारांचं. दहा हजार युनिटचा फरक. हिशेबाला सोपा म्हणून दर 8 रुपये धरला तरी महिन्याला 80 हजार रुपये. म्हणून पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलकडे मालकांचं लक्ष गेलं.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या अशाच एका कारखान्यातून मागणी आली, 25 केव्हीएआर क्षमतेचे 12 कपॅसिटर, 440 व्होल्ट, शेवटचा रेट कळवा. दीड वर्षात तिसऱ्यांदा तीच मागणी, तेच 12 नग. मी रेट पाठवला नाही. फोन करून म्हटलं, एकदा बघू द्या. गुरुवारी या म्हणाले. भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते. नवी मुलं त्या दिवशी तिकडे फिरकत नाहीत. पण शटडाउनची कामं गुरुवारीच निघतात, आणि मेन्टेनन्सची माणसं एरवी दोन मिनिटं देत नाहीत ती गुरुवारी अर्धा तास बोलतात. हे ध्यानात ठेव.

त्यांनी पॅनेल बंद केलं, कपॅसिटर डिस्चार्ज केले, दार उघडलं. करपलेल्या तेलासारखा वास आला. बारापैकी सात कपॅसिटरच्या डब्यांची डोकी भाकरीसारखी फुगली होती. दोघांच्या टर्मिनलवर काळं पडलेलं, एका केबलची लग (टोकाचा धातूचा तुकडा) निळसर झालेली. मेन्टेनन्सचे काका निवृत्तीला आलेले, ते म्हणाले, "माल हलका येतोय हल्ली." मी विचारलं, काका, गेल्या दोन वर्षांत नवीन काय काय बसवलं? त्यांनी बोटांवर मोजलं. सहा ड्राइव्ह, दोन इंडक्शन हीटर, एक मोठा यूपीएस. कपॅसिटर मात्र जुन्या काळातल्या लोडचे, साधे.

दुखणं मालाचं नव्हतं. ड्राइव्ह आणि हीटर हार्मॉनिक करंट, म्हणजे 50 हर्ट्झच्या पटीतले जादा करंट, ओढतात, त्यातला पाचवा म्हणजे 250 हर्ट्झचा सर्वांत जोरकस. साधा कपॅसिटर त्याला वाट करून देतो, कधी ट्रान्सफॉर्मरशी त्याचा रेझोनन्स जुळतो (दोघांची लय जुळून करंट वाढत जातो), आणि डबा तापून तापून फुगतो. आम्ही इनकमरवर, म्हणजे वीज आत येते त्या मुख्य ब्रेकरवर, आठवडाभर पॉवर ॲनालायझर लावला. आकडे तेच बोलले. उपाय होता कपॅसिटरच्या आधी 7 टक्क्यांचा डिट्यून्ड रिॲक्टर, म्हणजे हार्मॉनिकला अडवणारी कॉइल. त्याने सर्किट 189 हर्ट्झला ट्यून होतं, पाचव्या हार्मॉनिकच्या खाली, त्यामुळे रेझोनन्स टळतो. रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं, म्हणून कपॅसिटर 440 चे चालत नाहीत, जास्त व्होल्टेजचे घ्यावे लागतात, आम्ही 525 चे घेतले. खर्च नुसत्या 12 डब्यांच्या कितीतरी पट. परचेसने फाइल बाजूला ठेवली. मी तीन महिने दर पंधरवड्याला जात राहिले. शेवटी मालकांसमोर दोनच कागद ठेवले, एक तीन वेळा घेतलेल्या कपॅसिटरचा खर्च आणि दुसरा पॉवर फॅक्टर घसरल्याने बिलात जादा गेलेले पैसे. ऑर्डर त्या दिवशी झाली. ते कपॅसिटर आजही चालू आहेत. काका निवृत्त झाले, पण दिवाळीला त्यांचा फोन येतो.

आयटीतल्या सपोर्टच्या कामाला मी नावं ठेवत नाही. माझी धाकटी बहीण तेच करते आणि सुखात आहे. पण तुला इलेक्ट्रिकल आवडतं असं तू लिहिलंयस. ते आवडत असेल तर असं दार उघडून बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. प्रॉडक्शनमधला इंजिनिअर एकच कारखाना बघतो. तू दोन वर्षांत शंभर बघशील. फाउंड्री, साखर कारखाना, दूध डेअरी, इचलकरंजीचे माग, हॉस्पिटलचं बेसमेंट. प्रत्येक ठिकाणी तीच मोटर वेगळ्या कारणाने जळते.

आता कारखान्यात कोण काय ठरवतं ते समजून घे, कारण हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. मेन्टेनन्सला दुखणं माहीत असतं, पण पैसे त्यांच्या हातात नसतात. परचेसकडे सही असते, पण मशीन त्यांनी बघितलेलं नसतं आणि त्यांना वर दाखवायला तीन कोटेशन हवी असतात. मालकाला किंवा प्लांट हेडला एकच कळायला हवं असतं, हे केलं नाही तर काय होईल आणि केलं तर किती दिवसांत वसूल होईल. स्टोअरवाल्याला डिलिव्हरी चलन नीट हवं असतं. एकच ऑफर या चौघांना चार तऱ्हेने सांगता आली पाहिजे. आणि गेटवरच्या सिक्युरिटीला नावानं नमस्कार कर. वर्षभरात कळेल का ते.

मोठ्या प्रकल्पात खेळ आणखी आधी सुरू होतो. समजा बाणेरला एक मोठी ऑफिसची इमारत उभी राहतेय. त्यातले ब्रेकर कोण विकत घेणार? पॅनेल बिल्डर. त्याला काम कोण देणार? इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. पण कोणत्या कंपनीचे ब्रेकर चालतील हे दीड-दोन वर्षं आधी कन्सल्टंटने टेंडरच्या मेक लिस्टमध्ये लिहून ठेवलेलं असतं. त्या यादीत तुझ्या कंपनीचं नाव नसेल तर पॅनेल बिल्डरकडे कितीही चकरा मार, उपयोग नाही. कन्सल्टंटकडे रेट घेऊन जायचं नसतं. तिथे सिंगल लाइन डायग्राम (विजेच्या जोडणीचा नकाशा), फॉल्ट कॅल्क्युलेशन (शॉर्ट करंटचा हिशेब), मोटर स्टार्टरला टाइप-2 कोऑर्डिनेशनचं (शॉर्टनंतरही स्टार्टर वापरता येईल अशा जोडीचं) सिलेक्शन, ब्रेकरची आयसीयू (तो तोडू शकेल तो कमाल शॉर्ट करंट) आणि आयसीएस (जो तोडूनही तो पुढे वापरता येतो तो करंट) सारखी आहे की आयसीएस कमी आहे, असे प्रश्न येतात. लो व्होल्टेज पॅनेलचं आयईसी 61439 आणि ब्रेकरचं आयएस/आयईसी 60947 ही दोन स्टँडर्ड काय म्हणतात एवढं तरी डोक्यात पाहिजे. पहिल्या वर्षी तिथे एकटी जाऊ नकोस. सीनियरबरोबर जा आणि वहीत लिही.

पॅनेल बिल्डर हा मात्र तुझा पहिल्या दिवसापासूनचा गुरू. भोसरीच्या गल्ल्यांमधून असे कितीतरी आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "लिस्टवर किती टक्के?" म्हणजे छापील किमतीवर सूट किती. सुरुवातीला वाटतं, यांना फक्त पैशाचं पडलंय. तसं नसतं. त्यांचा तांब्याचा बसबार, पत्रा, वायरिंगची मजुरी यातून जे उरतं ते फार थोडं असतं, आणि ब्रेकर उशिरा आला तर अख्खं पॅनेल अडून बसतं. एकदा त्यांच्या शेडमध्ये दिवसभर बस. बसबारला ड्रिल मारताना, टॉर्क लावून बोल्ट आवळताना, टेस्टिंगला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावताना बघ. ब्रेकरचं टर्मिनल अमुक बाजूला असतं म्हणून वायरमनचा अर्धा तास कसा वाया जातो, हे तिथेच कळतं, कॅटलॉगमध्ये नाही.

कंपन्यांची नावं बदलत राहतात. एलअँडटीचा स्विचगिअरचा व्यवसाय 2020 मध्ये श्नायडरकडे गेला आणि 2024 पासून तोच माल लॉरिट्झ नुडसेन या नावाने येतो. पण भोसरीत अजून कित्येक वायरमन "एलअँडटीचा द्या" असंच म्हणतात. पाटी बदलली तरी त्या मालाचे पार्ट, त्याचं सिलेक्शन सांगणारी माणसं तीच राहिली, म्हणून गिऱ्हाइकं राहिली. तुझंही तसंच होईल. पंधरा वर्षांत तू दोन-तीन कंपन्या बदलशील, पण तुझा नंबर ज्यांच्या फोनमध्ये आहे ते लोक तुझ्याबरोबर येतात.

पैशांबद्दल स्पष्ट बोलते, कारण यात नव्या मुलांची फसगत होते. ऑर्डर म्हणजे विक्री नाही. पेमेंट आलं की विक्री. डीलरकडे तुझं इन्सेंटिव्हही बहुधा वसुलीला बांधलेलं असेल. म्हणून ऑफर लिहिताना शेवटचं पान सर्वांत काळजीने लिही. किंमत किती दिवस वैध, जीएसटी वेगळा की धरून, भाडं कुणाकडे, ॲडव्हान्स किती, उरलेले माल निघण्याआधी की नंतर, वॉरंटी कधीपासून. डिस्पॅचपासून 18 महिने किंवा कमिशनिंगपासून (बसवून चालू केल्यापासून) 12 महिने, यातलं जे आधी संपेल ते, अशी ओळ बऱ्याच ऑफरमध्ये असते. ही ओळ ग्राहकाला तोंडी समजावून सांग. मशीन वर्षभर पेटीत पडून राहिलं की भांडण याच ओळीवरून होतं.

उधारीबद्दल एक बारकावा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, नाहीतर ते देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही, असा नियम आयकर कायद्याच्या कलम 43बी(एच) ने 1 एप्रिल 2024 पासून आणला. बरेच सेल्सवाले हे कलम ग्राहकाला ऐकवतात. पण त्याचा फायदा माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला मिळतो, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. पॅनेल बिल्डर ते म्हणू शकतो. तुझा डीलर फक्त घेऊन विकत असेल तर त्याला म्हणता येत नाही. चुकीचं कलम ऐकवून ग्राहकाच्या सीएसमोर तोंडघशी पडू नकोस.

मार्चमध्ये टार्गेटचा ताण येईल. डीलरच्या किंवा पॅनेल बिल्डरच्या गोडाऊनमध्ये नको तो माल ढकलण्याचा आग्रह होईल. सुरुवातीला नाही म्हणणं तुला जमणार नाही, हे मला माहीत आहे. निदान कुणाला काय दिलं ते लिहून ठेव आणि एप्रिल-मेमध्ये तो माल विकायला त्यांना स्वतः मदत कर. आणि कधीतरी कुणीतरी टेबलाखालून मागेल. मी दिले नाहीत. त्यापायी चार-पाच चांगल्या ऑर्डर गेल्या, त्यातली एक तर खूप मोठी होती. वाईट वाटलं, पण त्या कारखान्यांत मी आजही ताठ मानेने जाऊ शकते.

मुलगी म्हणून झेपेल का? झेपतं. पण अडचणी आहेत त्या लपवत नाही. जुन्या वर्कशॉपमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृह नसतं. मी पहिली काही वर्षं सकाळी पाणी कमी प्यायचे, तब्येत बिघडली, तसं मुळीच करू नकोस. रस्त्यावरचे चांगले पेट्रोल पंप आणि हॉटेलं हेरून ठेव, आणि विचारायला लाजू नकोस. ऑफिसमधल्या बायका वाट दाखवतात. "सर नाही आले का?" हा प्रश्न पहिल्या भेटीत येईल. तू पॅनेलसमोर उभी राहून बसबारचा साइज विचारलास की बहुतेक ठिकाणी तो पुन्हा येत नाही. लांबच्या साइटला जाताना परतीची वेळ आधी ठरव, ऑफिसला कळव. रात्रीच्या शटडाउनला एकटीने जायचं नाही, हे मालकाशी नोकरी घेतानाच बोल. नीट माणूस असेल तर त्याला राग येत नाही.

सेफ्टी शूज स्वतःचे घे, मापाचे. आणि एक नियम, त्याला अपवाद नाही. चालू पॅनेलमध्ये तू हात घालायचा नाहीस. दार उघडायचं तर त्यांच्या इलेक्ट्रिशियनने, परमिट घेऊन. ग्राहक म्हणेल, "मॅडम, काही होत नाही, बघा की." नाही बघायचं. 415 व्होल्टच्या बसबारवर हातातला टेस्टर निसटला तरी आर्क होतो, आणि मी एका माणसाचे दोन्ही हात भाजलेले बघितले आहेत.

डीलर की कंपनी, हेही विचारलंयस. कंपनीत ट्रेनिंग चांगलं मिळतं, पण एकाच प्रॉडक्टला जुंपलं जाण्याची शक्यता असते. डीलरकडे पगार कमी, शिस्त कधी ढिली, पण ब्रेकर, ड्राइव्ह, सेन्सर, केबल, मीटर सगळं हाताखालून जातं, आणि पहिल्या महिन्यात ग्राहकासमोर उभं राहावं लागतं. दोन वर्षं डीलरकडे काढलेल्या मुलांना कंपन्या आनंदाने घेतात, हे मी बघितलंय. पुढे वाटा पुष्कळ आहेत. कुणी ॲप्लिकेशन इंजिनिअर होतं, कुणी 'की अकाउंट', म्हणजे मोठे ग्राहक, सांभाळतं, कुणी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची परीक्षा देऊन एनर्जी ऑडिटर होतं. नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात डेटा सेंटर उभी राहताहेत, सोलर आहे, चार्जिंग स्टेशन आहेत. सगळीकडे पॅनेल लागतं आणि ते नीट निवडणारा माणूस लागतो.

पहिल्या सहा महिन्यांसाठी माझं एकच सांगणं. रोज एक नेमप्लेट. मोटर, ट्रान्सफॉर्मर, पंप, कॉम्प्रेसर, काहीही. परवानगी घेऊन फोटो काढ, रात्री वहीत उतरव, आणि त्यातला प्रत्येक आकडा काय सांगतो ते लिही. जो कळला नाही त्यापुढे खूण कर आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिसवाल्याला विचार. दीडशे नेमप्लेट झाल्या की तुला कॅटलॉग वाचता येईल.

राहता राहिला निर्णय. मी तुझ्या जागी असते तर भोसरीची नोकरी घेतली असती, पण एका अटीवर. सोमवारी त्या डीलरला फोन कर आणि विचार, "पहिले तीन महिने मला सर्व्हिस इंजिनिअरबरोबर साइटवर पाठवाल का? टार्गेट त्यानंतर द्या." हो म्हणाले तर लगेच रुजू हो. टार्गेट पहिल्या महिन्यापासूनच हवं असा त्यांचा हट्ट असेल, तर भोसरीत डीलर काही एकच नाही. दुसरा बघ, किंवा एखाद्या पॅनेल बिल्डरकडे वर्षभर टेस्टिंगला राहा. आणि बाबांना एकदा डीलरच्या शोरूममध्ये घेऊन ये. उघडा ठेवलेला मोठा ब्रेकर त्यांना दाखव आणि आत काय आहे ते तुझ्या तोंडून ऐकू दे.